जुन्या लेथला स्टेडी: आणायची, ओतायची की वेल्ड करायची?

जुनी लेथ, म्हणजे लोखंड फिरवून तासायचं मशीन, घेताना माणूस बेड (खालचा लांब पाया) बघतो, हेडस्टॉकचा (जॉब फिरवणाऱ्या डोक्याचा) आवाज ऐकतो, लीड स्क्रू किती खाल्लाय ते नखानं चाचपतो. स्टेडी, म्हणजे लांब जॉबला (तासायच्या नगाला) मधेच तीन बोटांनी आधार देणारी चौकट, कुठाय हे विचारायचं मात्र हमखास राहून जातं. माझंही राहिलं. शेडमध्ये लेथ येऊन महिना झाला, पहिला लांब जॉब दारात आला, तेव्हा आठवण झाली. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "स्टेडी हुती की! पडली असंल कुठं तरी." ती आजतागायत कुठं तरी पडलेलीच आहे.

माझी लेथ म्हणजे कर्नाटकातल्या हरिहरची जुनी किर्लोस्कर, आठ फुटी. ती बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर कंपनी १९४१ ची. इकडं सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला, किर्लोस्करवाडी उंबऱ्यावरच असल्यानं, ती घरच्यासारखी वाटते. पण हरिहरचा तो कारखाना बंद पडून दोन दशकं उलटली. म्हणजे नंबर सांगून कंपनीकडून स्टेडी मागवायचा रस्ता बंद. तुमची लेथ बटाल्याची असो, राजकोटची असो, नाहीतर लिलावात आलेली विलायती असो, परिस्थिती थोड्याफार फरकानं हीच असणार. मग उरतात तीन वाटा: कुणाची तरी जुनी आणून बसवायची, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करून ओतून घ्यायची, नाहीतर प्लेटी कापून वेल्ड करायची. यातल्या दोन मी स्वतः केल्या आणि तिसरीच्या दारापर्यंत जाऊन आलो. त्यामुळं खाली लिहिलंय त्यात मोजमाप कमी आणि अनुभव जास्त आहे, हे धरून वाचा.

ट्रॅव्हलिंग स्टेडीचा, म्हणजे टूलबरोबर सरकणाऱ्या स्टेडीचा, प्रश्न मी यात घेतच नाही. तिला बेडशी देणंघेणं नाही. सॅडलला, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाला, दोन टॅप केलेली भोकं असतातच, त्यावर जाड अँगल किंवा वाकवलेली प्लेट, दोन पितळी बोटं, झालं काम. एका रविवारी होते. डोकेदुखी आहे ती बेडवर आवळायच्या फिक्स स्टेडीची.

आधी जुनी आणलेली सांगतो, कारण बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात आणि ते चुकीचंही नाही. तुमच्याच मॉडेलची मिळाली तर पुढचं काही वाचायची गरज नाही, उचला आणि घरी या. अडचण एवढीच की लेथ एका लॉटमध्ये जाते आणि स्टेडी, फेसप्लेट, फोर जॉ चक हे सगळं दुसऱ्या लॉटमध्ये भंगाराच्या भावानं जातं. त्यांची पुन्हा गाठ पडणं म्हणजे जत्रेत चुकलेली भावंडं भेटण्यासारखं. मी कोल्हापूरचं उद्यमनगर पालथं घातलं, इचलकरंजीतल्या दोन भंगारवाल्यांकडं निरोप ठेवले, मुंबईला गेलो तेव्हा कुर्ल्यातही चक्कर मारली. स्टेड्या दिसल्या भरपूर. माझी एकही नाही.

एक गोष्ट मात्र तिथं शिकलो. बाजारात जाताना बेडचा साचा बरोबर न्यावा. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या, टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) मागं ढकला आणि बेडच्या आतल्या व्हीवर (व्हीच्या आकाराच्या वाटेवर) धरून कापत कापत बसवा. मागची सपाट वाट, मधलं अंतर, सगळं त्या एकाच पुठ्ठ्यात आलं पाहिजे. स्टेडी आतल्या वाटेवर बसते, बाहेरची वाट सॅडलची, यात चूक करू नका. जुन्या लेथला ही आतली वाट बहुधा बरी असते, कारण सॅडलसारखा टेलस्टॉक दिवसभर घासत नाही. दुसरं माप सेंटरच्या उंचीचं. चकात (जॉब धरणाऱ्या जबड्यांत) सरळ गोल बार धरा, त्याच्या पोटापासून सपाट वाटेपर्यंत मोजा आणि त्यात बारचा अर्धा व्यास मिळवा. दोन्ही गोष्टी खिशात असल्या की दुकानदाराचं "बसतीय की मालक, का बसणार न्हाई?" मनावर घ्यावं लागत नाही.

मी मनावर घेतलं. पुठ्ठा खिशात असूनही घेतलं. वजनदार, सुबक, तिन्ही बोटं शाबूत, साडेचार हजार रुपये. उंचीला दोन इंच बुटकी आणि व्ही दुसऱ्याच मापाचा. पण ओतकाम इतकं देखणं होतं की हात मागं आला नाही. दुकानदार म्हणाला, "खाली पॅकिंग टाका, हाय काय त्यात!"

त्यात काय होतं ते दोन महिन्यांनी कळलं. स्टेडीचा मूळ तळ मी कापला नाही. पुढंमागं विकायची झाली तर अख्खी असावी, हा हिशेब. म्हणून खाली एक व्हीचा ठोकळा, त्यावर एक प्लेट, प्लेटीवर उंची जुळवायला पत्र्याची शिम आणि त्यावर स्टेडी. सगळ्यांना आरपार एक लांब बोल्ट, बेडच्या पोटाखाली पट्टी. कागदावर झकास. दर वेळी बसवताना तीन फटी, म्हणजे सहा अंगं पुसायची. त्यात एखादी केसाएवढी चिप राहिली की स्टेडी कलली. बोल्ट आवळताना ठोकळा आपला थोडा फिरतोच. मग सैल करा, लाकडी ठोकणीनं ठोका, पुन्हा आवळा. पट्टी बेडच्या पोटात असल्यानं तिला धरायला हात खाली घालायचा, तिथं कूलंट आणि तासलेल्या लोखंडाचा कीस यांचा चिखल. टर्नरनं एकदा हात बाहेर काढला तो रक्ताळलेलाच.

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण स्टेडी सेट करायची आपली नेहमीची रीत आठवा. चकजवळ, जिथं जॉब खरा फिरतोय, तिथं खालची दोन बोटं लावायची, वरचं नुसतं टेकवायचं आणि मग स्टेडी तशीच सरकवत टोकाकडं न्यायची. एकसंध स्टेडी व्हीवरून सरळ सरकते, तिचं सेंटर तिच्याबरोबर जातं. माझी तीन तुकड्यांची स्टेडी सरकवली की प्रत्येक तुकडा आपापल्या मर्जीनं बसायचा. चकजवळ सेट केलेलं सेंटर टोकाला पोचेपर्यंत निराळंच झालेलं.

एका प्रोसेसवाल्याचा गाइड रोलर आला होता. चार इंची पाइप, साडेतीन फूट लांब, एका टोकाचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) संपलेलं. जुना प्लग कापून पाइपच्या तोंडात बोअर करायचा आणि नवा प्लग बसवायचा. तोंड उघडं म्हणजे टेलस्टॉकचा उपयोग नाही, स्टेडीच हवी. तासभर खपून ती बसवली. बोअरिंग सुरू झालं, पाच मिनिटांत चकाकडून बारीक कुईकुई ऐकू यायला लागली. आमच्या टर्नरनं मशीन थांबवलं आणि काही न बोलता जबड्यांच्या तोंडाशी पाइपवर खडूनं एक रेघ मारली. पुन्हा चालू केलं, दोन मिनिटांनी बंद केलं. रेघ जबड्यांपासून चांगली दोन मिलीमीटर पुढं आलेली. पाइप चकातून हळूहळू बाहेर येत होता. स्टेडीचं सेंटर चुकलं की हे होतंच: जॉब जबड्यात प्रत्येक फेऱ्याला थोडा मुरडतो आणि मुरडत मुरडत बाहेर चालू पडतो. आणखी दहा मिनिटं कुणी लक्ष दिलं नसतं तर चार इंची पाइप शेडमध्ये कुठं गेला असता, याचा विचार न केलेला बरा.

त्या दिवशी स्टेडीचं सेंटर डायलनं (बारीक फरक दाखवणाऱ्या घड्याळानं) जागेवरच पुन्हा काढलं आणि काम पुरं केलं. पण त्यानंतर गंमत अशी झाली की आम्ही स्टेडी वापरायचंच टाळायला लागलो. लांब जॉब आला की "हे जरा बाहेरून करून घेऊ", नाहीतर "कट कमी घेऊन बघू". टर्नरच्या तोंडावरच दिसायचं. जी बसवायला तास लागतो ती स्टेडी नसल्यातच जमा आणि माझा कौल फिरला तो इथंच. मजबुती, दिसणं, किंमत हे सगळं मागं पडलं. बसवायला आणि काढायला किती वेळ लागतो, एवढंच मी बघायला लागलो.

न्यायानं एक सांगायला हवं. दोष जुन्या स्टेडीचा थोडा आणि माझ्या लोभाचा जास्त. तिचा तळ सरळ सपाट करून खाली एकच ठोकळा डॉवेल (पक्की पिन) मारून कायमचा जोडला असता, तर निम्मी कटकट गेली असती. ज्यांनी तसं केलंय त्यांना माझं रडगाणं पटणार नाही. उंचीत फरक अर्ध्या इंचाच्या आत असेल आणि कापायची तयारी असेल, तर ही वाट अजूनही सर्वांत स्वस्त पडेल असं वाटतं. स्टेडी उंच निघाली तर मात्र तळ खाली उतरवताना किती माल उरतो, ते आधी बघा.

ओतायचं म्हणाल तर आपल्याकडं फाउंड्रीला तोटा नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही गाडी वळवा. मी गेलो होतो. बिड (ओतीव लोखंड) ते बिडच: कंप गिळून टाकतं, वेल्ड केलेल्या लोखंडासारखं वाजत नाही आणि वर्षानुवर्षं वाकत नाही. पण एका नगासाठी कुणी उत्साह दाखवत नाही. आधी पॅटर्न, तोही दोन तुकड्यांचा. बिड आकसतं म्हणून मीटरला दहाएक मिलीमीटर जास्त धरायचं, शिवाय मशिनिंगला तीनेक मिलीमीटर. पॅटर्नमेकरनं सांगितलेला आकडा ऐकून मी चहा अर्धा ठेवून उठलो. एक कास्टिंग घ्या नाहीतर दहा घ्या, पॅटर्नचा खर्च तेवढाच. वर पातळ कडेला चिल मारलं, म्हणजे तो भाग कडक झाला, की ड्रिल जळतात. आणि व्हीचं काम शेवटी तुमच्याच शेपरवर (सपाट तासायच्या मशीनवर) यायचं आहे, ते काही फाउंड्री करून देत नाही.

तरी ही वाट मी कायमची बंद म्हणणार नाही. तुमच्याच मॉडेलच्या लेथ गावात तिघाचौघांकडं असतील आणि सगळे एका चहावर जमत असतील, तर एक पॅटर्न करून चार कास्टिंग काढणं हा खरं तर सगळ्यांत देखणा उपाय आहे. माझ्या बाबतीत अशी किर्लोस्कर असलेले दोघं सापडले. एकाकडं मूळची स्टेडी होती आणि दुसऱ्यानं लेथच विकायला काढली होती.

राहिली वेल्डिंगची. हिच्याबद्दल मला आधी मुळीच आदर नव्हता. बिडाच्या मशीनवर प्लेटीची स्टेडी म्हणजे धोतरावर बूट, असं वाटायचं. पण पॅकिंगनं इतका वैताग आणला होता की म्हटलं, करून तर बघू.

पंचवीस मिलीमीटरच्या प्लेटीतून गॅसनं रिंग कापून आणली, बाहेरून २६०, आतून १९०. खाली दोन उभ्या प्लेटी, त्यांना आडवा तळ, बाजूला तिरक्या पट्ट्या. सगळं मिळून बारा-तेरा किलो. बोटांसाठी वीस मिलीमीटरचा चौरस ब्राइट बार, तो सरकायला पट्ट्या जोडून केलेल्या चौकोनी नळ्या, मागून एम-१२ चा स्क्रू, बाजूनं लॉकचा बोल्ट. यात नवल काही नाही, कुठलाही फिटर करेल. क्रम मात्र चुकवू नका, मी तिथंच आपटलो. पहिल्या रिंगचे मी आधी दोन भाग केले आणि मग बिजागरीचे कान वेल्ड केले. वेल्डिंगनं दोन्ही अर्धी वेगवेगळ्या बाजूंना वाकली आणि झाकण लागेना. दुसऱ्या खेपेला रिंग अखंड ठेवूनच सगळं वेल्डिंग उरकलं, तेही तुकड्या-तुकड्यानं, एकदा या बाजूला, एकदा त्या. कानांना भोकं पाडून पिन घातली. मग अख्खा सांगाडा लोहाराच्या भट्टीत मंद लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तळाचं मशिनिंग. रिंग कापली ती सर्वांत शेवटी. कापताच ती साधारण एक मिलीमीटर उघडली, पण पिन आणि समोरचा आय बोल्ट आधीच जागेवर असल्यानं आवळल्यावर परत मिटली. तसाही बोटांना स्क्रू आहेत, रिंग सुतात गोल असायची गरजच नाही.

खरी मेहनत तळाच्या व्हीला. शेपरवर व्ही काढला, बेडवर ब्लू (कुठं टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून बसवून बघितला, कानसलं, पुन्हा बघितला. दोन संध्याकाळी गेल्या. स्क्रेपिंगचा (हातानं खरवडून बसवायचा) हात नसेल तर एक पळवाट आहे: व्ही थोडा मोठा काढायचा, बेडला मेण चोळायचं आणि अ‍ॅराल्डाइटमध्ये बिडाचा बारीक कीस कालवून त्यात स्टेडी बसवून दोन दिवस हलवायची नाही. बेडचाच ठसा उतरतो. माझ्या एका दोस्तानं तसंच केलंय, त्याची अजून तरी हललेली नाही. माझा भरवसा धातूवर धातूचा, पण तो स्वभावाचाही भाग असेल.

आणि पट्टी! बेडच्या पोटाखालची पट्टी मी बोल्टाला जोडूनच टाकली, खाली एक लहान स्प्रिंग दिली. बोल्ट सैल केला की पट्टी खाली पडत नाही, वरून बोल्ट चतकोर फिरवला की ती बेडच्या फटीतून सरळ वर येते. बेडखाली हात घालायचा नाही. व्ही पुसा, ठेवा, फिरवा, आवळा. दोन-तीन मिनिटं. टर्नर पहिल्यांदा बसवून बाजूला झाला आणि म्हणाला, "मालक, आता रोलर आणा कितीबी."

आता हिची खोड सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. हातोडीनं टिचकी मारली की ही देवळातल्या घंटेसारखी वाजते. काही ठरावीक आरपीएमला चॅटरिंगही (थरथरही) येतं, विशेषतः पातळ पाइपावर. मी स्पीड एक पायरी खाली घेतो, काम निघतं. ज्यांना दिवसभर मोठे, जड शाफ्ट काढायचेत त्यांना बिडाचा जडपणा बहुधा हवाच वाटेल, त्यांच्याशी वाद नाही. खर्च मला साधारण सहा हजार आला, पहिली बिघडलेली रिंग धरून. माझी मजुरी त्यात धरलेली नाही, घरच्या कामात कोण धरतं?

बोटांच्या टोकांबद्दल दोन शब्द, कारण यावरून शेडमध्ये भांडणं होतात. बेअरिंग की पितळ? मी दोन्ही जातींची टोकं करून ठेवलीत, एका बोल्टात बदलतात. ६२०० बेअरिंग वेगाला छान, तेल पाजायची कटकट नाही. पण एक चिप जॉब आणि बेअरिंगच्या मध्ये आली की ती दर फेऱ्याला लाटली जाते आणि चकचकीत शाफ्टवर गोंदण उठतं. पितळ किंवा गनमेटल घासून संपतं, तेल मागतं, स्पीड कमी ठेवावा लागतो, पण पॉलिश जागेवर मी तेच लावतो. बेअरिंग लावायचंच तर जुन्या सायकल ट्यूबची गोल चकती कापून जॉबवर चढवा, टूल आणि स्टेडीच्या मध्ये. चिपा अडतात. आणि टोक कुठलंही असो, काळ्या, न तासलेल्या बारवर सरळ टेकवू नका. आधी एक पट्टा टर्न करून घ्या. ते जमत नसेल तर आठ बोल्टांची बुश (जाड नळी) चढवून ती डायलवर खरी करा आणि स्टेडी बुशवर चालवा.

पुन्हा केलीच तर मी दोन गोष्टी बदलीन. बिजागरीची पिन बाराची घातलीय, ती सोळाची हवी होती, वर्षभरात किंचित खेळ आलाय. आणि झाकण मी मागच्या बाजूला उघडणारं केलं. जड जॉब क्रेननं वरून उतरवताना ते झाकण उभं राहतं आणि साखळी त्यातच अडकते. थोडं जास्त मागं पडेल असा कान तिरका द्यायला हवा होता.

ती साडेचार हजारांची देखणी बुटकी स्टेडी वर्षभर कोपऱ्यात होती. मागच्या पावसाळ्यात जयसिंगपूरचा एक ओळखीचा त्याच्या सहा फुटी राजकोटी लेथसाठी बघायला आला. मी त्याला आधी पुठ्ठा कापून आणायला लावला. ठेवला तर व्ही हुबेहूब बसला, उंचीही जुळली, खाली कागदसुद्धा घालावा लागला नाही. तीन हजार म्हणाला. मी अडीचला देऊन टाकली.